विरोधक पाहिजे

मैत्री ज्या देशात डॉक्टरकी शिकायला गेली होती, त्याचं नाव मुनेश्वरांच्या घरात कोणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे त्याला मैत्रीचा देश म्हणत. बर्फ पडला की मैत्रीच्या देशात पडला, कांदा महागला की मैत्रीच्या देशात महागला. आता मैत्रीच्या देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली होती. रविवारी सकाळी आलेल्या फोनवर तिच्या आजोबांनी, दौलत गुरुजींनी, नातीच्या जेवणाखाण्याची विचारपूस बाजूला ठेवून निवडणुकीचीच विचारपूस चालवली होती.

फोन धम्मपालने धरला होता. आपल्या वडलांच्या हातात फोन दिला की पलीकडच्या माणसाला छताचा पंखा दिसतो हे त्याला अनुभवाने माहीत होतं, आणि लेकीचा चेहरा दिसला नाही तर त्याचा आठवडा नीट जात नसे.

मैत्री हळू आवाजात सांगत होती. तिकडचे राष्ट्राध्यक्ष सव्वीस वर्षं खुर्चीवर होते. त्यांचं नाव ती फोनवर घेत नसे. वसतिगृहाच्या भिंती पातळ आहेत म्हणायची आणि आजोबांना आबाजी म्हणते म्हणून त्यांना 'तिकडचे आबाजी' म्हणायची. यंदा या आबाजींच्या विरोधात तिघं उभे राहिले. पहिल्याला सांगण्यात आलं की उमेदवार पंधरा वर्षं सलग देशात राहिलेला पाहिजे आणि तू तर पाच वर्षं बाहेर शिकायला होतास. दुसऱ्याने पाठिंब्याच्या एक लाख सह्या गोळा केल्या. तपासणाऱ्यांना त्या सगळ्या एकाच रंगाच्या शाईत दिसल्या. तिसरा अर्ज भरून घरी निघाला, तो अजून घरी पोचायचा होता. मग आबाजींच्याच माणसांनी आणखी दोघांना उभं केलं, आणि ते दोघं टीव्हीवर येऊन म्हणाले की देशाला आबाजींशिवाय पर्याय नाही.

"हे सगळं लेखी हाये काय?" गुरुजींनी विचारलं.

"हो आबाजी. छापलेलं हाये."

"मंग त्यात वाईट काय? नियम म्हंजे नियम."

तेवढ्यात मैत्रीच्या मागून कोणी गेलं असावं, कारण तिने एकदम इथली हवा फार छान आहे असं सांगितलं आणि फोन ठेवला. लेक इतक्या लांब, आणि तिला हवेबद्दल खोटं बोलावं लागतं, हे धम्मपालला अजिबात बरं वाटलं नाही. गुरुजींना मात्र बरं वाटलेलं दिसत होतं. त्यांनी जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर 'पंधरा वर्षे सलग' असं लिहिलं आणि पट्टी घेऊन त्याच्याखाली रेघ मारली.

ती रेघ कोणाच्या नावाने मारली हे धम्मपालला विचारावं लागलं नाही.

आदिलाबादकडच्या जैनथ गावच्या विहाराच्या कमिटीचे गुरुजी तेवीस वर्षं अध्यक्ष होते. या तेवीस वर्षांत दर तीन वर्षांनी निवडणूक व्हायची, गुरुजी सभेला विचारायचे की कोणाला काही हरकत, आणि मग सगळे चहा प्यायचे. यंदा आश्विन पौर्णिमेला त्यांनी तसंच विचारलं, तर हर्षदीप उठून म्हणाला की हरकत नाही, पण मी उभा राहतो. हर्षदीप कोणी परका नव्हता. गुरुजींच्या धाकट्या भावाचा तो मुलगा, बाप गेला तेव्हा चार वर्षांचा. तो याच घरात, धम्मपालच्या मायच्या, म्हणजे चंद्रभागाबाईच्या हातचं खाऊन वाढला आणि गणिताचा मास्तर झाला. धम्मपालला आणि त्याला सख्खे भाऊ समजून दाखले देणारे लोक अजून गावात होते.

भांडण होतं ते हॉलचं. विहाराच्या मागे नऊ वर्षांपूर्वी गावाने राबून एक हॉल बांधला होता. गुरुजी तो पौर्णिमेला आणि जयंतीला उघडत आणि एरवी कुलूप लावत, कारण फरशीवर चरे पडतात. हर्षदीपला तिथे रोज संध्याकाळी तेलुगूचा वर्ग घ्यायचा होता. जैनथची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पुढे ज्या दारात जातात त्या प्रत्येक दारावरची पाटी तेलुगूत असते. हे धम्मपालइतकं कोणाला ठाऊक असणार? तो तहसीलमध्ये कारकून होता. बढतीसाठी तेलुगूची परीक्षा लागते, ती तो चार वेळा नापास झाला होता. त्याच्यानंतर लागलेली पोरं साहेब होऊन त्याच्या टेबलावर फायली ठेवत होती. त्याच्या मनातून हॉल उघडायला पाहिजे होता आणि हर्षदीप निवडून यायला पाहिजे होता. हे मन त्याने आजवर कोणाला दाखवलेलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी गुरुजींनी त्याला मसुदा लिहायला बसवलं. कमिटीचा प्रत्येक कागद धम्मपालच लिहीत असे, अक्षर चांगलं म्हणून. उमेदवार जैनथमध्ये पंधरा वर्षं सलग राहिलेला असावा, असं गुरुजींनी सांगितलं. हर्षदीप सहा वर्षं बोथ गावच्या शाळेवर होता आणि तिथे खोली करून राहिला होता. धम्मपालने लिहिलं. धार्मिक प्रवास यातून वगळावा, असं गुरुजींनी सांगितलं, कारण ते स्वतः दर दसऱ्याला नागपूरला जात. धम्मपालने तेही लिहिलं. मग उमेदवार सरकारी नोकर नसावा, आणि वय पन्नासच्या वर असावं, आणि सायंवंदनेला रोज हजर असावा. ही हजेरी गुरुजी स्वतः घेत. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी संध्याकाळी कोणाची तरी हजेरी घेतल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं.

धम्मपालची बायको प्रगती चहा घेऊन आली आणि कागद वाचत उभी राहिली. ती गावच्याच शाळेत शिकवत होती, वाचायला तिला वेळ लागत नसे.

"ही अट हर्षदीपभावजीची," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बोट केलं. "नोकरीची यायच्यासाठी. माही कोनती, मामाजी?"

"तुले कायले अट? तू उभी राहून राह्यली काय?"

"मी नाई. पन सगळ्यायले एक एक भेटली."

गुरुजींनी थोडा विचार केला आणि सून म्हणून आलेल्या बाईचं लग्न होऊन तीस वर्षं झालेली असावीत अशी आणखी एक अट सांगितली. प्रगतीच्या लग्नाला चोवीस झाली होती. तिने कप उचलले आणि समाधान झाल्यासारखी आत गेली.

कार्यकारिणीत सहा जण होते. त्यांतले चार गुरुजींचे विद्यार्थी. गुरुजींनी पुढे केलेल्या कागदावर मुकाट्याने लिहायची सवय त्यांना पहिलीच्या वर्गापासून होती. मंगळवारी सह्या झाल्या आणि बुधवारी नोटीस विहाराच्या दारावर लागली.

त्याच संध्याकाळी हर्षदीप आला. चंद्रभागाबाई त्याचं ताट वाढत होती, बेसन आणि ज्वारीची भाकर. तो काही ओरडला नाही. तो गुरुजींच्या समोर बसला आणि त्याने एकच गोष्ट विचारली.

"मोठेबाबा, मले बोथले कोनं पाठवलं होतं?"

गुरुजींनी ताटाकडे बोट दाखवलं, जेव म्हणून.

"मी जात नव्हतो. तुमीच म्हनले, नोकरी सोडू नको. तुमीच बसपर्यंत सोडाले आले. पेटी तुमच्याच हातात होती."

"आल्तो," गुरुजी म्हणाले. "तवा हा नियम नव्हता."

हर्षदीपने मान हलवली, जणू हे उत्तर गणितात बसतं. मग त्याने धम्मपालकडे पाहिलं. नोटिशीवरचं अक्षर कोणाचं आहे ते तो दुसरीपासून ओळखत होता. धम्मपालला वाटलं, उठावं आणि काही तरी बोलावं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार तरी काय? हर्षदीप उठला आणि न जेवता निघून गेला. या घरातून तो न जेवता जाण्याची ही पहिलीच वेळ होती. चंद्रभागाबाईने ताटावर दुसरं ताट झाकलं, आणि सकाळी उघडून त्याच भाकरी तिने स्वतः खाल्ल्या.

पुढच्या रविवारी मैत्रीच्या देशाचा निकाल लागला. तिकडचे आबाजी सत्त्याऐंशी टक्के मतांनी निवडून आले होते.

"तेरा टक्के कुठी गेले?" गुरुजींनी काळजीने विचारलं.

मैत्रीने समजावून सांगितलं की ते बाकीच्या दोघांना दिले. थोडं दुसऱ्याला द्यावं लागतं, नाहीतर बाहेरच्या जगाला खरं वाटत नाही. एवढ्यासाठीच तर ते दोघं उभे केले होते. फोन ठेवल्यावर गुरुजींनी धम्मपालला जवळ बसवलं आणि सांगितलं की यंदा बिनविरोध बरं दिसणार नाही. गावाला माहीत आहे, एक जण उभा राहत होता. तेव्हा विरोधक पाहिजे.

"कोन?"

"ते तू पाहा. अटीत बसनारा पाह्यजे."

धम्मपाल दोन दिवस सभासदांची यादी घेऊन बसला. एकशे बारा नावं होती. तहसीलमध्ये तो रोज हेच काम करायचा, कोण कशात बसत नाही ते पाहायचं. पण असा अनुभव त्याला तिथेही आला नव्हता. जो शिकला होता तो शिकायला बाहेर गेला होता, आदिलाबादला, नागपूरला, कोणी बासरला. जो शिकला नव्हता तो कामाला बाहेर गेला होता. अमरदीप हैदराबादला इमारतींवर तीन वर्षं, अनुप सासऱ्याच्या गावी दोन वर्षं. जे कुठेच गेले नव्हते ते वंदनेला रोज येत नव्हते. मंगळवारी संध्याकाळी यादीत तीन नावं उरली. एक स्वतः गुरुजी, कारण त्यांनी चौतीस वर्षं मंडलातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, शाळांवर सायकलने जाऊन-येऊन नोकरी केली होती. दुसऱ्या सखूबाई, वय नव्वद. तिसरी चंद्रभागा दौलत मुनेश्वर.

गावाला शिका म्हणून चौतीस वर्षं सांगणाऱ्या माणसाने अशी चाळणी लावली होती की त्यातून त्याच्याशिवाय शिकलेलं माणूस एकही खाली पडू नये. हे धम्मपालच्या लक्षात आलं. गुरुजींच्या लक्षात आलं की नाही हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

आधी सखूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उभी राहीन, पण मग निवडून येईन. गुरुजींनी त्यांचं नाव प्रकृतीच्या कारणास्तव कमी केलं.

चंद्रभागाबाई अंगणात तूर पाखडत होती. गुरुजी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले, जवळ कागद घेऊन धम्मपाल.

"तुले उभं राहा लागते," गुरुजी म्हणाले.

"कुठं?"

"अध्यक्षाले. माह्याविरुद्ध."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग मले काय करा लागते?"

"काई नाई. हारा लागते."

तिने थोडा विचार केला आणि विचारलं की त्या दिवशी पांढरं लुगडं नेसावं लागेल काय. गुरुजी म्हणाले, लागेल. तिने विचारलं की हरल्यावर चहा तिलाच करावा लागेल काय. गुरुजी म्हणाले, तेही लागेल.

"बरं," ती म्हणाली. "शब्द देते. हारीन."

अर्जावर सही पाहिजे होती. धम्मपालने पेन पुढे केलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो घरात जाऊन शाईचा डबा घेऊन आला. तहसीलमध्ये त्याने हजारो अंगठे घेतले होते, माणसाचा हात धरून, थोडा फिरवून, हलक्या हाताने दाबून. मायला सही येत नाही हे त्याला माहीत होतं, पण तिचा अंगठा त्याने कधी हातात धरला नव्हता. तुरीच्या भुशाने तो पांढरा झाला होता. त्याने तो आपल्या रुमालाने पुसला. त्याला मनापासून लाज वाटली, आणि ती कोणाची वाटली हे त्याला सांगता आलं नसतं. गुरुजी तेवढा वेळ दारातून आतलं कॅलेंडर पाहत होते.

प्रगतीने त्या संध्याकाळी चुलीजवळ बसून सासूला खूप समजावलं. धम्मपालला सगळं ऐकू येत होतं. आत्याबाई, खरंच उभ्या राहा, बाया सगळ्या तुमच्याकडून होतील, मी घरोघरी जाते. चंद्रभागाबाई म्हणाली की आता शब्द दिला. प्रगतीने विचारलं, कोणाला दिला, ज्याने सगळ्यांना बाद केलं त्यालाच ना? चंद्रभागाबाई म्हणाली, शब्द कोणाला दिला हे पाहून मोडायचा असता तर तिचं लग्नच पहिल्या वर्षी मोडलं असतं.

सभा रविवारी दुपारी ठेवली होती. कापूस वेचणीचे दिवस होते तरी बाया सकाळी लवकर जाऊन परत आल्या. लोक इतके आले की विहारात मावेनात, म्हणून गुरुजींना हॉल उघडावा लागला. चपला बाहेर काढा, हे ते दारात उभे राहून प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होते. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. हर्षदीप अगदी मागे, खिडकीजवळ बसला. समोरच्या टेबलाशी निवडणूक अधिकारी म्हणून धम्मपाल. उमेदवार व्हायला अपात्र असल्यामुळे अधिकारी व्हायला तो पात्र होता.

रीतीप्रमाणे आधी त्रिशरण आणि पंचशील झालं. चंद्रभागाबाईने पहिल्या ओळीत बसून पाचही शीलं खणखणीत म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं.

मग कसं व्हायचं ते गुरुजींनी सांगितलं. मतदान नेहमीसारखं हात वर करून. आधी विरोधी उमेदवाराचे हात मोजायचे, मग अध्यक्षांचे. हा क्रम त्यांनी मुद्दाम लावला होता. विरोधात कोणाचा हात वर होतो ते आधी पाहून घेता येतं, आणि ते पाहून घेणार आहेत हे बाकीच्यांनाही कळतं. त्याआधी उमेदवाराने प्रतिज्ञापत्र ऐकून हो म्हणायचं. मैत्रीच्या देशात उमेदवार सगळ्यांसमोर शपथ घेतात, ते गुरुजींना आवडलं होतं.

धम्मपालने वाचलं. "मी चंद्रभागा दौलत मुनेश्वर, स्वखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, अध्यक्ष होण्याची इच्छा असल्यामुळे उभी आहे." आणि मान वर करून म्हणाला, "हो म्हन, माय."

ती हो म्हणाली नाही. सभेला वाटलं तिला ऐकू आलं नाही. धम्मपालने पुन्हा वाचलं.

"आयकलं मी," ती म्हणाली. "आत्ताच शील घेतलं ना, म्हनून इचार करून राह्यली." ती उठून उभी राहिली आणि पदर सारखा केला. "स्वखुशीनं नाई. यायनं उभं केलं. हारासाठी."

गुरुजींचे कान लाल झाले.

"पन दुसरं बी लिवलं ना त्यात? इच्छा हाये काय म्हनून. तं इच्छा हाये."

धम्मपालला वाटलं, आता तिने खाली बसावं. ती बसली नाही. ती तसबिरींकडेही पाहत नव्हती आणि सभेकडेही नाही, फरशीकडे पाहून बोलत होती.

"मी अध्यक्ष झाली तं हा हॉल रोज उघडीन. हर्षदीप शिकवन. लेकरं समोर बसतीन, मांगं मी बसीन. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यायनं माह्यासाठी पाटी आनली होती. उद्यापासून शिकवतो म्हनले. मी रोज पुसून ठेवत होती." ती थांबली. "मले राग नाई. शाळेत लेकरं लय होते, अन् घरी येईपर्यंत थकून जात. पन इच्छा इचारली म्हनून सांगतलं."

धम्मपालच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. दोन्ही हातांत कागद होते. घरात तीन मास्तर आणि एक कारकून, आणि दिव्याखाली एवढा अंधार पन्नास वर्षं बसून होता, हे सगळ्या गावाला माहीत असणार, आणि सगळ्या गावाने ते चहाबरोबर गिळलं असणार.

"अन् अजून एक," चंद्रभागाबाई म्हणाली. "मी यायले शब्द देला, हारीन म्हनून. तवा मी काई मत मांगत नाई. तुमी तुमचं पाहा." आणि ती बसली.

गुरुजींनी घसा साफ केला. वर्गातला आवाज त्यांना लगेच सापडला.

"स्वखुशीनं नाई म्हनते. मंग अर्ज बाद होते. लिही, बाद."

सगळी सभा धम्मपालकडे पाहू लागली. हर्षदीपही पाहत होता. धम्मपालने पेन उचललं. आजवर वडलांनी लिही म्हटलं की त्याने लिहिलं होतं, शाळेच्या पाटीवर, दाखल्यावर, नोटिशीवर. त्याने नियमांचा कागद पुन्हा पाहिला, जरी तो त्याला पाठ होता. हर्षदीपने शेवटच्या दिवशी काही खोड काढू नये म्हणून गुरुजींनीच त्यात एक ओळ घातली होती.

"बाद करता येत नाई, बाबा," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "हरकतीची मुदत काल पाच वाजता सरली."

"मी अध्यक्ष हाये."

"हो. पन नियम म्हंजे नियम."

गुरुजी त्याच्याकडे पाहत राहिले. सखूबाईंनी मोठ्याने विचारलं की काय झालं. शेजारणीने त्यांच्या कानात सांगितलं आणि त्या हसू लागल्या, मग कोणीतरी त्यांना गप्प केलं.

"घ्या मग हात," गुरुजी म्हणाले.

धम्मपालने नाव पुकारलं, चंद्रभागा दौलत मुनेश्वर. लोक एकमेकांकडे पाहत होते, आणि गुरुजी सगळ्यांकडे पाहत होते. पहिला हात प्रगतीचा, तो धरून चालायचाच. मग सखूबाईंचा. मग बायांच्या बाजूने एक एक करून सगळे, कापसाने चिरलेली बोटं उघडी पसरून. पुरुषांकडे अमरदीपचा हात आधी गेला, मग अनुपचा. तो कार्यकारिणीत होता आणि त्याने हात वर करताना गुरुजींकडे पाठ केली. खिडकीजवळ हर्षदीपने मान खाली घातली होती, पण हात वर होता.

गुरुजी मोजत होते. वर्गात मोजायचे तसे, बोट दाखवून, ओळीने. त्यांनी एकही हात चुकवला नाही, हे मात्र धम्मपाल आयुष्यभर सांगत राहिला. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. ते टेबलाशी आले. धम्मपालने पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. त्याला वाटलं होतं छाती धडधडेल. तसं काही झालं नाही. नुसता हात वर गेला.

"त्र्याहत्तर," गुरुजी म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

एकूण एक्याण्णव भरले. बाकी काही जण कोणाकडेच हात न करता मांडी घालून बसून राहिले. त्यांना दोन्हीकडे नमस्कार ठेवायचा होता.

मग धम्मपालने दुसरं नाव पुकारलं. दौलत गंगाराम मुनेश्वर. आपल्या वडलांचं नाव एवढ्या मोठ्याने त्याने याआधी कधीच घेतलं नव्हतं.

गुरुजींनी स्वतःचा हात वर केला. तेवीस वर्षं हा हात आधी वर जायचा आणि मागोमाग सगळं विहार. ते तसेच उभे राहिले, हात सरळ. कार्यकारिणीतले तिघं फरशीवरचे चरे पाहू लागले. बाहेर एक ऑटो थांबला आणि निघून गेला. गुरुजींचा हात खाली येत नव्हता.

"एक," ते म्हणाले.

पहिल्या ओळीत एक हात वर झाला. पांढऱ्या लुगड्याचा पदर खांद्यावर सावरून चंद्रभागाबाईने हात सरळ वर धरला होता, दर वेळी धरायची तसा.

गुरुजींनी त्या हाताकडे पाहिलं. मग ते एक पाऊल पुढे आले आणि हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "खाली घे तो. तू निवडून आली."

"शब्द देला होता," ती म्हणाली. "मोजा."

गुरुजींनी बोट वर केलं. ते तिच्याकडे दाखवायला त्यांना वेळ लागला.

"दोन," ते म्हणाले.